पाकिटावर नाव आपले, मजकूर कोणाचा?

(तालुका प्रतिनिधींच्या जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय मोबाईलचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतली काही मंडळी हसली. कापूस घरात पडून आहे, ज्वारी पाखरांनी खाल्ली, आणि ही माणसे मोबाईलवर बोलणार! हसा. पण गेल्या हंगामापासून आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांत पीठ विकणाऱ्या एका कंपनीची पोरे फिरत आहेत. ती शेतकऱ्याचा फोटो काढतात, शेताचे ठिकाण मोबाईलवर टिपतात, पेरणी कधी केली, वाण कोणता, बैल आहेत की ट्रॅक्टर, सगळे विचारून घेतात आणि शेवटी एका कागदावर सही मागतात. शहरातल्या ग्राहकाने पिठाच्या पाकिटावरचा चौकोन आपल्या मोबाईलने टिपला की त्याला तो शेतकरी, त्याचे गाव, त्याचे शेत दिसणार, अशी ही योजना आहे. सही करावी की करू नये, अशी विचारणा आमच्याकडे चार गावांतून आली. हो किंवा नाही अशा एका शब्दात त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ही मांडणी.

पहिल्यांदा तो चौकोन म्हणजे काय ते समजून घेऊ. चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण रोज तोच टिपतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा माग कारखान्यात ठेवता यावा म्हणून तो निघाला. त्याच्या आधीचा बारकोड, म्हणजे साबणाच्या वेष्टनावर असतात त्या उभ्या काळ्या रेघा, १९७४ सालापासून दुकानांत आहे. बारकोडाचा आकडा ८९० ने सुरू झाला की माल भारतात पिकला, असे शहरातले शिकलेले लोकही समजतात. तसे काही नाही. ८९० चा अर्थ इतकाच की त्या कंपनीने आपला क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे. आतला माल कुठलाही असू शकतो.

क्यूआर कोडाचेही असेच आहे. पाकिटावरच्या चौकोनात ज्वारीची माहिती नसते, एक पत्ता असतो. मोबाईल त्या पत्त्यावर जातो आणि तिथे कोणी जे लिहून ठेवले असेल ते ग्राहकापुढे धरतो. मोबाईल खरेही बोलत नाही आणि खोटेही बोलत नाही, तो फक्त वाचून दाखवतो. सातबाऱ्यावर नाव आपले असते पण नोंद घालणारा हात तलाठ्याचा असतो, आणि त्याचे परिणाम इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहेत. पाकिटावर फोटो तुमचा असला तरी त्याखालचा मजकूर कोण लिहिणार, हा पहिला प्रश्न.

मग हे सगळे झिडकारून टाकायचे का? मुळीच नाही. ग्राहकाला कळणे ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, आणि ज्वारीवाल्याच्या तर जास्तच. कसे ते बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरवला आणि मालदांडीचा ३,७४९. फरक पन्नास रुपये. आदल्या वर्षी ३,३७१ आणि ३,४२१ होता, म्हणजे फरक पुन्हा पन्नासच. किलोमागे पन्नास पैसे! दिल्लीच्या हिशेबात संकरित आणि मालदांडी यांच्यात अर्ध्या रुपयाचे अंतर आहे.

आता तुम्ही सांगा. खरिपाच्या संकरित ज्वारीला ऐन काढणीत पाऊस गाठतो, कणसावर बुरशी येते, दाणा काळा पडतो. मालदांडी भारी काळ्या जमिनीत, मुरलेल्या ओलीवर, वरून थेंब न पडता वाढते. थंडीत दाणा भरतो आणि फाल्गुनात मोत्यासारखा खळ्यावर येतो. एकरी उतारा कमी, पण भाकरी अशी की सकाळची संध्याकाळी मऊ. शिवाय कडबा. मालदांडीच्या कडब्यासाठी माणसे जिल्ह्याबाहेरून ट्रक घेऊन येतात, संकरिताच्या धाटाकडे जनावर वळून बघत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून ३५-१ ही निवड झाली. त्यानंतर कृषी विद्यापीठांनी किती वाण काढले, आम्ही पदवीला असताना त्यांची नावे पाठ करत होतो, पण आजही नवा वाण आला की आमच्या आया-बहिणी विचारतात, मालदांडीसारखी भाकरी होते का? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली. इतका फरक आहे म्हणूनच मिळाले ना?

हा फरक शेतकऱ्याला माहीत आहे. तो आडत्याला माहीत आहे, दाणा तळहातावर घेतला की तो ओळखतो. शहरातल्या दुकानदारालाही माहीत आहे. माहीत नाही तो एकट्या ग्राहकाला. दुकानदार सांगेल ती बार्शी, तो म्हणेल ती गावरान. आणि पीठ झाल्यावर तर विषयच संपला, पिठात कोण कोणाला ओळखतो? काळ्या पडलेल्या ज्वारीला पॉलिश मारून दळली की ती पांढरीच दिसते. जुने पीठ असले की त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडेला फाटते. मग शहरातली सून म्हणते, मला भाकरी जमत नाही, आणि पोळीकडे वळते. तिच्या हाताचा दोष नाही, पिठाच्या तारखेचा आहे. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ देऊन सरकारने ज्वारीचे ताट काढून घेतले, आणि जे गिऱ्हाईक उरले होते त्याला शिळ्या पिठाने पळवले. २०२३ साल जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले. भाषणे पुष्कळ झाली, पण विरी गेलेले पीठ कसे ओळखावे हे ग्राहकाला कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. मोबाईल हे सांगू शकतो. दळल्याची तारीख, वाण, जमीन, काढणीचा महिना, आणि एखाद्या मावशीने आपल्याच बोलीत दोन मिनिटे दाखवलेले पीठ मळणे. त्याला खर्च काही नाही.

जगात दुसरीकडे हा प्रकार सुरू होऊन दहा-बारा वर्षे झाली. फ्रान्समध्ये २०१७ साली युका नावाचे अ‍ॅप निघाले. बारकोड टिपला की अ‍ॅप त्या पदार्थाला शंभरपैकी गुण देते. साखर किती, मीठ किती, वरून घातलेली रसायने कोणती, सगळे त्यात येते. हे इतके पसरले की २०१९ साली इंटरमार्शे नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने आपले ९०० पदार्थ नव्याने बनवून त्यांतली १४२ रसायने काढून टाकण्याचे जाहीर केले. मोबाईल हातात घेतलेल्या गिऱ्हाइकाची ही ताकद. पण शेतकरी यात कुठे आहे? कुठेच नाही. गहू कोणी पिकवला आणि त्याला काय मिळाले, याला युकात गुण नाहीत.

त्याच देशात दुसरी गोष्ट घडली, ती आपल्या जास्त कामाची. २०१५ साली युरोपातला दुधाचा कोटा उठला आणि दुधाचे भाव कोसळले. २०१६ साली तिथे काही मंडळींनी इंटरनेटवर ग्राहकांपुढे एक प्रश्नावली ठेवली. गाय वर्षातले किती महिने कुरणात चरावी? चारा परदेशी चालेल का? शेतकऱ्याला लिटरमागे किती मिळावे? प्रत्येक उत्तरापुढे लिहिलेले असे की हे निवडले तर तुमची पिशवी इतक्या सेंटिमांनी महागेल. ग्राहकांनी उत्तरे निवडली. दूध ९९ सेंटिमांना विकायला आले आणि त्यातले ३९ सेंटिम शेतकऱ्याला, हे खोक्यावर उघड छापलेले. त्या मालाचे नावच मोठे गमतीचे आहे, मराठीत सांगायचे तर 'मालक कोण?' स्वस्त दूध शेजारच्या फळीवर ठेवलेले असताना लोकांनी ते उचलले, आणि पुढे लोणी, अंडी असे पदार्थ त्यात वाढत गेले. ग्राहक शेतकऱ्याचा शत्रू आहे असे आपल्याला कायम भासवले जाते. त्याला भाव वाढलेला नको असतो, हे खरे. पण वाढलेला भाव कोणाच्या खिशात जातो हे दिसले, तर त्याचे वागणे बदलते.

आता जपान. २०११ च्या मार्चमध्ये तिथे भूकंप आणि त्सुनामी झाली, ईशान्येचा सगळा किनारा धुऊन गेला. त्या भागातला हिरोयुकी ताकाहाशी नावाचा कार्यकर्ता त्याच वर्षी प्रांताच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. त्याने २०१३ साली एक मासिक काढले. प्रत्येक अंकात एका शेतकऱ्याची नाहीतर कोळ्याची सविस्तर हकिगत, आणि अंकासोबत त्याने पिकवलेला किंवा पकडलेला माल. मासिक मुख्य, भाजी किंवा मासळी ही त्याची पुरवणी! वाचायचे आणि खायचे. वर्गणीदार आणि उत्पादक यांना इंटरनेटवर एकमेकांशी बोलायची सोय होती. अकिता भागातल्या एका भात शेतकऱ्याच्या शेतात एका वर्षी इतका चिखल झाला की कापणीचे यंत्र उतरेना. त्याने तसे लिहिले. शहरांतून माणसे आली आणि विळ्यांनी भात कापून दिला. भात त्यांनी आधी खाल्ला होता, शेतकऱ्याला ते नावाने ओळखत होते.

२०१६ साली ताकाहाशींनी याचेच मोबाईल अ‍ॅप केले, पॉकेट मार्शे. त्यात शेतकरी स्वतः आपला माल मांडतो, भाव स्वतः ठरवतो, मजकूर स्वतः लिहितो. घेणारा त्याला प्रश्न विचारतो, जेवण झाल्यावर ताटाचा फोटो पाठवतो. कोरोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० साली, शाळा आणि खानावळी बंद पडल्यावर ज्यांचा माल अडकला होता त्यांना या वाटेने गिऱ्हाईक मिळाले. ते अ‍ॅप चालवणारी कंपनी २०२३ च्या डिसेंबरात तोक्योच्या शेअरबाजारात नोंदली गेली. शेअरबाजारात गेलेली कंपनी पुढे कोणाचे ऐकते, भागधारकाचे की शेतकऱ्याचे, ते पाहायचे. फुकट काही नाही. अ‍ॅप कमिशन घेतेच. आडत्या जाऊन अ‍ॅप आले, एवढ्यावर खूश होण्याचे कारण नाही.

तरी यातला मुद्दा लक्षात घ्या. तिथे बोलणारा शेतकरी आहे. आपल्या गावांत आलेल्या कागदात बोलणारी कंपनी आहे आणि शेतकरी हे चित्र आहे.

चित्र होऊन राहिल्याचे पुढे काय होते? त्यासाठी परदेशात जायला नको, नाशिकला जाऊ. २००३ साली द्राक्षात कीडनाशकाचा अंश सापडल्यावरून युरोपात माल अडला. त्यातून २००६ साली अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट उभे केले. प्रत्येक बागेची नोंद, बागेला क्रमांक, फवारणीची वही, काढणीआधी प्रयोगशाळेने नमुना घ्यायचा, आणि युरोपातल्या खोक्यावरून थेट बागेपर्यंत माग लावता येईल अशी सगळी साखळी. काम चांगले आहे, त्यावर आजही निर्यात चालते. पण २०१० साली काय झाले? त्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडले. तुम्ही त्याला सीसीसी म्हणून ओळखता, कपाशीची वाढ आवरायला मारतात तेच. द्राक्षाला ते सर्रास वापरले जात होते. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच. प्रयोगशाळेचा दाखला बरोबर, नोंदी बरोबर, आणि तरी शेकडो कंटेनर अडकले. यादी करणारा शेतकरी नव्हता, शिफारस करणारा शेतकरी नव्हता, नुकसान मात्र बागाईतदाराच्या कर्जखात्यावर पडले. माग लावायची साखळी वरून खाली दोष आणायला फार सोयीची असते. पैसा तिच्यावरून खाली यायला मात्र वेगळा करार लागतो.

म्हणून कंपनीच्या मजकुरात 'रसायनमुक्त', 'विषमुक्त' असले शब्द असतील तर तिथेच थांबा. रब्बी ज्वारीला आपण फारसे फवारत नाही हे खरे. पण पोती घरात लावल्यावर सोंड्यासाठी गोळी टाकतो की नाही? टाकतो. मग ते लिहा. गोळी कधी टाकली, किती दिवस झाकून ठेवले, कधी उघडले. खरे वाचून ग्राहक पळून जात नाही. खोटे उघडे पडले की पळतो, आणि त्या दिवशी मोबाईलवर फोटो कंपनीच्या मालकाचा नसतो, तुमचा असतो.

कपाशीवाले म्हणतील, आमचे काय? तुमचे अवघड आहे. भारत सरकारने २०२० साली कस्तुरी कॉटन हे नाव जाहीर केले, आता त्या योजनेत गाठीवर क्यूआर कोड लागतो. पण तो लागतो जिनिंगमध्ये. खेडा खरेदीवाल्याने दहा घरांचा कापूस एका गाडीत भरला, जिनिंगच्या आवारात तो पन्नास गाड्यांच्या ढिगात पडला, मग १७० किलोच्या गाठीत तुमचे बोंड कोणते? साधारण पाच क्विंटल कापसाची एक गाठ होते. गावाने ठरवून एकाच प्रतीचा कापूस एकत्र नेला आणि वेगळा रेचून घेतला तरच गाठीला गावाचे नाव लागू शकते. दोन तृतीयांश वजन सरकीचे, तिचे तेल शहरातले लोक फरसाणातून खातात आणि आपण कापूस खातो हे त्यांना ठाऊकही नसते. तो विषय मोठा आहे, आज फक्त नोंदवून ठेवतो.

ज्वारीकडे परत येऊ. हीच मिसळण्याची अडचण ज्वारीतही आहे, पण ती घरच्या घरी सोडवता येते. वाण वेगळा ठेवला, खळे वेगळे केले, पोत्याच्या शिवणीत नावाची चिठ्ठी घातली, की झाले. हे केले नाही आणि वीस जणांची ज्वारी एका ढिगात ओतली, तर पाकिटावरचा फोटो तुमचा आणि आतली भाकरी भलत्याची. मोबाईलची नोंद तर आपल्याला नवी नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपण स्वतः करतो आहोत, नेटवर्क मिळावे म्हणून बांधावर, झाडावर चढून करतो आहोत. ती नोंद सरकारच्या कामाची, ग्राहकाला तिचा उपयोग नाही. जो शेतकरी भर उन्हात सरकारसाठी फोटो काढतो, तो स्वतःच्या मालासाठी दोन ओळी लिहू शकणार नाही?

आता त्या कागदाकडे. आम्ही तो वाचला. पाच पानांचा आहे, इंग्रजीत आहे. त्यात शेतकऱ्याने फोटो, आवाज आणि शेताची माहिती वापरायला कायमची परवानगी दिली असे लिहिले आहे. भाव कुठे आहे? 'त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे.' म्हणजे बिनफोटोच्या ज्वारीचा जो भाव, तोच फोटोच्या ज्वारीचा. शहरात पाकीट जास्त किमतीला खपणार ते तुमच्या नावावर, आणि त्या नावाची किंमत शून्य.

आमचे म्हणणे असे. सही करायला हरकत नाही, पण मजकूर मराठीत आपण लिहून देऊ आणि आपल्याला विचारल्याशिवाय त्यातला शब्द बदलायचा नाही. परवानगी एका हंगामाची, ती पुढे चालू ठेवायची की काढून घ्यायची ते आपण ठरवू. माहिती वापरायची संमती मागे घेता आली पाहिजे हे तत्त्व २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यातही लिहिलेले आहे, आपण काही जगावेगळे मागत नाही. ग्राहक जे विचारेल, जे नावाजेल, जी तक्रार करेल, ते गटाच्या मोबाईलवरही आले पाहिजे, कारण भाकरी फाटली की दाण्यात दोष होता की दळणात, हे आपल्यालाही कळायला हवे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मोबाईलवर आपल्या फोटोखाली एक ओळ असावी: या शेतकऱ्याला या ज्वारीचा क्विंटलला अमुक इतका भाव दिला. पाकिटावर किंमत छापता ना? मग ही पण छापा. फ्रान्समध्ये दुधावर छापली, आभाळ कोसळले नाही.

आमचा अंदाज आहे की ही एक ओळ कंपनीला सगळ्यात जड जाईल. बाकीचे सगळे ती मान्य करेल, फोटो मोठा करून देईल, गावात फलक लावून देईल, पण ही ओळ नको म्हणेल. तसे झाले तर घाबरायचे कारण नाही. चौकोन बनवायला पैसे लागत नाहीत, कुठल्याही मोबाईलवर फुकट बनतो. हुरड्याच्या दिवसांत शहरातली माणसे व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता घेऊन आपल्या बांधावर येतातच, कणसे भाजून खातात, जाताना ज्वारी मागतात आणि आपण पोते सोडून पायलीने देतो. तेच गिऱ्हाईक. त्याला वर्षभराचे धान्य पुरवायचे तर गटाचा एक मोबाईल, स्वच्छ केलेला माल, पाकीट करायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि तारीख टाकून दळणारी गिरणी लागते. हे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. पार्सलचा खर्च मोठा आहे, पाच किलोला परवडत नाही, पन्नास किलोला कदाचित परवडेल. म्हणून या रब्बीत प्रत्येक तालुक्यातून एकच गाव, दहा-पंधरा घरे, एकच वाण, एवढ्यावर करून बघायचे. खर्च आणि आलेला पैसा दोन्ही उन्हाळ्यातल्या बैठकीत फळ्यावर लिहायचे, तोटा झाला तर तोही.

ज्या गावांत कंपनीचा कागद आला आहे त्यांनी सही न करता त्याची झेरॉक्स तालुका प्रतिनिधीकडे द्यावी. सही आधीच झाली असेल तर तारीख आणि सह्या करणाऱ्यांची नावे कळवावीत, त्यांच्यासाठी वेगळे बोलणे करावे लागेल. मायबहिणींना एक काम आहे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरच्या ज्वारीचे शेरभर पीठ, दळल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून, सोबत आणावे. चूल आणि तवा आम्ही ठेवतो. कुठल्या गावाची भाकरी कशी होते ते आधी आपण लिहून काढू, मग मोबाईलचे बघू.